काट्यावरचं लाल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हाइडला, माझ्या पक्ष्यांच्या फोटोच्या तंबूला, ठिगळ लावणं. सेगुला, माझी बायको, आत बसून दाभणाने शिवत होती. मी बाहेर खुंट्या ठोकत होतो. थंडीचे दिवस, दुपार कललेली, आणि मख्तेशच्या भिंतीवरून वारा खाली येत होता. मख्तेश म्हणजे आमच्या मित्स्पे रामोन गावाच्या पायथ्याशी असलेला प्रचंड मोठा खड्डा. एक अख्खं शहर मावेल एवढा. गाव कड्यावर आहे आणि माझं हाइड खाली, कोरड्या ओढ्यात, एका बाभळीसमोर.

मी बाहेरूनच विचारलं, "कुठलं फडकं लावलंस?"

"गोणपाटच हाय."

"आणि आत?"

"आत तुमचं डोस्कं. ठिगळ हाय ते. आतबाहेर काय बघता?"

मी पुढची खुंटी ठोकली. हाइडला रंगीत काही लावायचं नाही हा माझा नियम होता आणि तिला तो पाठ होता. थोड्या वेळाने तिचाच आवाज आला, "अहो, एक टोक राहिलं. सुतळी संपली. उद्या येऊन पुरं करते."

म्हटलं, राहू दे. थर्मासमधला चहा प्यालो. तिने बोंबिलाच्या चटणीच्या भाकऱ्या आणल्या होत्या, त्या खाल्ल्या, आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. त्यावर मला जास्त काही लिहायचं नाही.

आता धंद्याचं सांगतो. मी चौथी पास. गाव रोह्याच्या बाजूला, मग मुंबईत एका स्टुडिओत प्रिंट धुवायचं काम, मग आम्ही यहुदी म्हणून इथे, यहुद्यांच्या देशात. मित्स्पे रामोनमध्ये माझं फोटोचं दुकान होतं. पासपोर्ट, लग्नं, बार मित्झवा म्हणजे आमच्या पोरांची मुंज, सगळं केलं. डिजिटल कॅमेरे आले, लोकांनी रोल देणं बंद केलं, दुकान मिटलं. मग मी स्वतःच डिजिटल घेतला आणि पक्ष्यांकडे वळलो. रिझर्व्हच्या, म्हणजे मख्तेशमधल्या राखीव रानाच्या ऑफिसला पोस्टर लागायची, कॅलेंडर लागायचं. पक्षी माझ्याकडे फोटो चांगला का नाही आला म्हणून तक्रार करत नाहीत, ही एक सोय.

हाइड म्हणजे लपायचा तंबू. एका माणसाला स्टुलावर बसता येईल एवढा. समोर भोक, भोकातून लेन्स. पक्षी तंबूला भीत नाही, बदलाला भितो. म्हणून हाइड एकदा उभं केलं की आठवडेच्या आठवडे तसंच ठेवायचं. दुसरी गोष्ट आवाजाची. शटर वाजलं की पक्षी उडतो. त्यासाठी लेन्सच्या बाजूचा पडदा सेगुलाने गोधडीसारखा शिवला होता, थरावर थर घालून. मुंबईच्या स्टुडिओतसुद्धा असलं काही मी पाहिलं नव्हतं.

समोरच्या बाभळीवर राहायचा खाटीक. राखी रंगाचा, डोळ्यावर काळी पट्टी, बुलबुलाहून थोडा मोठा. नाव बरोबरच आहे. सरडा, किडा, जे मिळेल ते मारतो आणि काट्यावर टोचून टांगतो. विणीच्या दिवसांत नर जास्तच टांगतो, मादीला दाखवायला. नुसतं खाण्याचं नाही. गोगलगायीचा शंख, पीस, चिंधी, काहीही. ज्याचं दुकान भरलेलं, त्याच्याकडे मादी येते. हे सगळं इथल्या लोकांनी आधीच पाहिलेलं होतं. पण टांगणारा नर आणि बघणारी मादी असा दोघांचा एकत्र, चांगला मोठा फोटो ऑफिसकडे नव्हता. त्यांना तो भिंतीवर लावायला पाहिजे होता. तोच मी काढत होतो.

सुतकाचे तीस दिवस पाळून झाल्यावर मी खाली गेलो. हाइड उभं होतं. पण आत शिरलो तर स्टुलाखाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं.

मी बिया खात नाही. सेगुलाला दाताचा त्रास, तीही खात नव्हती. गावात बिया खाणारे पुष्कळ, पण हाइडची जागा माहीत असलेला एकच, ग्रीशा. तो रशियातून आलेला, तिकडे इंजिनियर होता, इथे हॉटेलात बॉयलर बघतो. तोही पक्ष्यांचे फोटो काढतो. त्याची हिब्रू माझ्याहून वाईट, म्हणून भांडणात फायदा माझा. दोन वर्षं तो माझ्यामागे लागला होता, एक दिवस हाइड दे म्हणून. मी दिलं नव्हतं.

वाण्याच्या दुकानासमोर मी त्याला गाठलं. विचारलं, हाइडमध्ये गेला होतास?

"मी तुझ्या हाइडमधून फोटो काढले नाहीत," तो म्हणाला, आणि पायातल्या जोड्यांकडे बघत राहिला.

मी विचारलं एक आणि त्याने उत्तर दिलं दुसऱ्याचं. दुकानात एवढी वर्षं गिऱ्हाइकं बघितली. असं उत्तर देणारा माणूस काहीतरी दडवत असतो. तेव्हापासून मी त्याच्यावर नजर ठेवली.

फोटो मात्र चौथ्या खेपेला मिळाला. उजाडत होतं, ऊन भिंतीच्या पलीकडेच होतं. नर सरडा घेऊन आला, काट्यात खुपसला, वरून दोन हिसके दिले. मादी शेजारच्या फांदीवर येऊन बसली आणि मान वाकडी करून बघू लागली. मी बटण दाबून धरलं. कॅमेरा तिपाईवर घट्ट होता, फ्रेमवर फ्रेम निघत गेली.

उजेड कमी होता म्हणून आयएसओ सोळाशेवर ठेवावा लागला. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याच्या कानाचं मशीन समजा. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला की बोलण्याबरोबर खरखरही वाढते. फोटोत त्या खरखरीला नॉइज म्हणतात. काळोख्या भागात लाल, निळे, हिरवे ठिपके उठतात, मोहरी सांडल्यासारखे. फिल्मलाही दाणा होता, पण त्याला रंगाची असली आवड नव्हती. डिजिटलचा नॉइज रंगीत. माझ्या फोटोत पक्षी ठीक होते, पण बाभळीच्या आतला सगळा अंधार ठिपक्यांनी भरला होता.

ते काढायला कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम असतो. एक पट्टी सरकवायची, रंगाचे ठिपके जातात. मला तो प्रोग्राम कधीच पसंत नव्हता. तो काय करतो, तर अंदाज करतो. हा ठिपका खोटा असेल, काढून टाका. कुणाला विचारून? पण पोस्टर मोठं होणार होतं, म्हणून मी पट्टी सरकवली. लाल गेलं, निळं गेलं, झाड राखाडी आणि स्वच्छ झालं. मी फोटो दिला. सोबत कॅमेऱ्यातली मूळ फाइलही दिली, तो ऑफिसचा नियम.

दोन दिवसांनी रोनितने बोलावलं. रोनित म्हणजे ऑफिसात फोटोचं आणि परवान्यांचं बघणारी बाई. माझ्या मुलीहून लहान. हिब्रूत अहो-जाहो नसतं, त्यामुळे तीही मला नावाने हाक मारते. तिने दोन्ही फोटो शेजारी लावले होते.

"शमुएल, हे काय आहे?" तिने पेन्सिल ठेवली ती सरड्याच्या वर, दाट काट्यांत. मूळ फाइलमध्ये तिथे लाल होतं.

"नॉइज."

"आणि हे?" माझ्या स्वच्छ केलेल्या फोटोत तिथे राखाडी लांबट काहीतरी होतं, सरड्याच्या कातडीसारखं.

"तेच. साफ केलेलं."

"नॉइज बोटभर लांब नसतो." ती शांतपणे बोलत होती, तेच मला जास्त लागलं. "हे कापड आहे. फोटोला रंग यावा म्हणून तू ते टांगलंस. मग भीती वाटली, म्हणून त्याचा रंग काढलास."

मी म्हटलं, मी झाडाला हात लावत नाही. ती म्हणाली, सगळेच असं म्हणतात. मागे एकाने घुबडासमोर पिंजऱ्यातला उंदीर सोडला होता, तोही असंच म्हणाला होता. मग तिने परवान्याची गोष्ट काढली. झाडाशी छेडछाड झाली असेल तर फोटो बाद, आणि हाइडही उतरवायचं. सोमवारी ती जीप घेऊन येणार होती. तोपर्यंत मी सांगायचं, कापड कुणी टांगलं.

फोटो बाद झाला असता तरी माझी हरकत नव्हती. दुसरा काढला असता. पण हाइड उतरवायचं म्हणजे शिवण उसवायची. त्या पडद्यावरचा प्रत्येक टाका तिच्या हातचा होता. घरात तिच्या साड्या होत्या, भांडी होती, पण ती सगळी विकत आणलेली. तिने केलेलं, आणि अजून कामात असलेलं, असं ते एकच उरलं होतं. हे मी रोनितला सांगितलं नाही. तिला वाटलं असतं, म्हातारा रडगाणं लावून सुटायला बघतोय.

घरी येऊन आधी रोनितवरच संशय घेतला. म्हटलं, हिला फोटोतलं काय कळतं. मग नेतिवोत गावात राहणाऱ्या मुलीला, ओफ्राला फोन केला. मी मराठीत विचारतो, ती हिब्रूत उत्तर देते, आमचं असंच चालतं. ती म्हणाली, अबा, एकच फ्रेम कशाला बघतोस, सगळ्या एकमेकांवर ठेव. आणि कसं ठेवायचं ते सांगितलं.

हे मी सोपं करून सांगतो. समजा बाजारात एका जागी उभं राहून तुम्ही एका दुकानाचे पुष्कळ फोटो काढले. माणसं येतात जातात, दुकान जागच्या जागी. सगळे फोटो एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली तर माणसं विरून जातात आणि दुकान ठळक होतं. नॉइज त्या माणसांसारखा. या फ्रेममध्ये इथे, पुढच्या फ्रेममध्ये तिथे. खरी वस्तू हलत नाही. यात प्रोग्रामला अंदाज करावा लागत नाही.

मी त्या सकाळच्या सगळ्या फ्रेम्स एकावर एक ठेवल्या. पक्षी हलले होते, ते पुसट झाले. ठिपके बसत गेले, अंधार काळा झाला. लाल मात्र राहिलं. प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी. कडेला पिवळी रेघसुद्धा दिसायला लागली.

म्हणजे कापड होतं. रोनितचं अर्धं बरोबर होतं. मी टांगलं नव्हतं, मग कुणी? माझ्या डोळ्यांसमोर एकच लाल वस्तू आली, ग्रीशाचं जाकीट. आणि टरफलं.

सरळ त्याच्या दारात गेलो. बस म्हणाला, बसलो नाही. सांगितलं, तू माझ्या झाडावर चिंधी टांगलीस, आता माझं हाइड जातंय, तुला पाहिजे होतं तेच झालं. तो आत गेला, जाकीट घेऊन आला, माझ्या हातात दिलं. म्हणाला, बघ. मी बघितलं. अस्तरापर्यंत बघितलं. कुठे फाटलं नव्हतं. पिवळी रेघही नव्हती.

"मग टरफलं कुणाची?"

"माझी." तो दारातच उभा होता. "वादळ झालं होतं. तू शिव्हात, सुतकाच्या पहिल्या सात दिवसांत, घरी बसला होतास. तुझ्या दोऱ्या सुटल्या होत्या, मी जाऊन बांधल्या. थांबून बघितलं, टिकतंय का. बिया खाल्ल्या. आता मेलेल्याच्या घरात येऊन सांगू, की मी तुझ्या दोऱ्या बांधल्या, मला थँक्यू म्हण?"

मी जाकीट त्याच्या हातात परत दिलं. खरं सांगायचं तर पूर्ण विश्वासही बसला नाही. गोष्ट चांगली रचलेली वाटत होती.

मी जिना उतरताना तो वरून म्हणाला, "लेन्सपाशी तुझं एक टोक सुटलंय. मी आत खोचलं होतं. ते तू बघ."

सोमवारी रोनित आली. एकावर एक ठेवलेला फोटो मी तिला दाखवला. ओढ्याच्या वळणावर जीप ठेवून आम्ही चालत गेलो. तिने दुर्बीण लावली, मग मला दिली. काट्यांत तो तुकडा होता. लाल, कडेला पिवळी बारीक रेघ. फोटोतल्या ठिपक्यांमधून मला कळलं नव्हतं, दुर्बिणीतून एका क्षणात कळलं. ते लुगडं होतं. सेगुलाने मुंबईहून आणलेलं. मलिद्याला नेसायची. मलिदा म्हणजे आमच्यात एलियाहू नबीच्या नावाने गोड पोहे, खोबरं, फळं मांडतात ते. शेवटी शेवटी ते पार विरलं होतं, मग ते कुठे गेलं हे मी कधी विचारलं नव्हतं.

रोनितने विचारलं, ओळखीचं आहे?

"आत चल," मी म्हटलं.

एका माणसाच्या तंबूत आम्ही दोघं दाटीने बसलो. मी ठिगळ चाचपलं. बाहेरून गोणपाट, आतूनही गोणपाट, पण मध्ये मऊ लागत होतं. खालचं एक टोक उघडं होतं, तिची सुतळी संपली होती ते. बोट घातलं तर लाल कापड. घडी करून, नीट पसरून, दोन गोणपाटांच्या मध्ये. कड कुरतडल्यासारखी, धागे लोंबणारे.

"गोणपाटाच्या आत हे कापड कशाला?" रोनितने हळूच विचारलं.

आता हिला कसं सांगायचं. आमच्या बायका नुसतं ठिगळ लावत नाहीत. मध्ये जुन्या लुगड्याचा थर घालायचाच, मग ती गोधडी असो की तंबू. त्याशिवाय त्यांना ते शिवलेलं वाटत नाही. रंगीत नको असं मी म्हणायचो, तर तिने रंग आत घातला. बाहेर दिसत नाही ना, मग झालं. आत तुमचं डोस्कं, म्हणाली होती.

एवढं सगळं हिब्रूत मला जमलं नाही. मी म्हटलं, "माझ्या बायकोने शिवलंय. अशीच शिवायची."

"तिला विचारता येईल?"

"नाही."

तिला माहीत नव्हतं. ती सॉरी म्हणाली, पण चेहऱ्यावरचा संशय पुरता गेला नव्हता, आणि मी तिला दोष देत नाही. मीही असतो तर म्हटलं असतं, साडी तुझीच, हात तुझाच नाही कशावरून?

आम्ही बसून राहिलो. बराच वेळ. माझा तळहात ठिगळावर तसाच होता. नर बाभळीच्या शेंड्यावर आला, इकडेतिकडे बघितलं, आणि सरळ हाइडकडे आला. दिसेनासा झाला. मग खालून, पडद्याच्या बाहेरून, नखांचा खरखर आवाज.

आणि ओढ लागली. माझ्या तळव्याखालचं लुगडं सरकलं. थोडं थांबलं. पुन्हा ओढ. मी दाबून धरलं असतं तर त्याला काही मिळालं नसतं. रोनित माझ्याकडे बघत होती. मी हात उचलला.

टर्रकन आवाज आला आणि तो उडाला. भोकातून आम्ही दोघांनी बघितलं. चोचीत बोटभर लाल. बाभळीवर बसून त्याने ते आधीच्या तुकड्याच्या खाली काट्यात खुपसलं, दोन हिसके दिले, आणि मागे सरून बघितलं. मादी वरच्या फांदीवर होती.

त्याचा फोटो मी काढला नाही. कॅमेरा आणलाच नव्हता, चौकशीला कॅमेरा कशाला आणायचा.

रोनित जीपपर्यंत पुढे चालत गेली. मग म्हणाली, परवाना राहील. फोटो लागेल, पण लाल असलेला. एकावर एक ठेवून काढलेलं झाड आणि एका फ्रेममधले पक्षी असं जोडकाम नको. मूळ फ्रेम, नॉइजसकट. मी म्हटलं, मलाही तेच पाहिजे. शिवाय एक अट. ते टोक बंद करायचं, लगेच. लांब धागे घरट्यात गेले तर पिल्लांच्या पायांत अडकतात. "आणि झाडावरचे ते दोन तुकडे," ती म्हणाली, "विणीचा हंगाम संपला की पाहिजे तर काढून घे. तुझेच आहेत."

मी बघू म्हटलं.

घरी जाताना ग्रीशाकडे थांबलो. या वेळी बसलो. त्याने चहा केला, काळा, लिंबू घालून. मी त्याला सांगितलं की चोर सापडला आणि त्याला पंख आहेत. तो म्हणाला, मला वाटलंच. मी म्हटलं, तुला वाटलं होतं तर बोलला का नाहीस? म्हणाला, तू मला बोलू कधी दिलंस? मग मी त्याला हाइडचा एक दिवस दिला. शुक्रवार. बिया न्यायच्या नाहीत, हे बजावून.

फोटो आज ऑफिसच्या भिंतीवर आहे. जवळ जाऊन बघितलं तर ठिपके दिसतात. नव्या पोरांना त्यावरून मी एवढंच सांगतो की एका फ्रेमवर भरवसा ठेवू नका, आणि पट्टी सरकवण्याआधी ठिपका खोटा आहे याची खात्री करा. माणसांच्या बाबतीतही हे चालतं, पण ते मला उशिरा कळलं आणि अजूनही पुरतं जमत नाही. ग्रीशा शुक्रवारी जाऊन आला की मी स्टुलाखाली बघतोच.

त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं दाभण घेतलं, नवीन सुतळी घेतली आणि खाली गेलो. पक्षी दूर गेलेले बघून आत बसलो. उरलेलं लुगडं आत सारलं, घडी जशी तिने घातली होती तशी घालायचा प्रयत्न केला. मला शिवता येत नाही. टाके वाकडे आले, बोटाला दोनदा टोचलं. शेवटी दुहेरी गाठ मारली आणि ओढून बघितली.

त्याने नेलं ते नेलं. उरलेलं माझं.